काप्रीची प्रदक्षिणा : दुर्गम कड्यांचे बेट होडीतून पाहताना

नेपल्सच्या आखाताच्या दक्षिण तोंडाशी असलेले काप्री हे इटालियन बेट इतके लहान आहे, की त्याचे क्षेत्रफळ जेमतेम १० चौरस किलोमीटर भरते, पूर्व-पश्चिम लांबी सुमारे ६ किलोमीटर आहे आणि रुंदी कोठेही ३ किलोमीटरच्या फारशी पुढे जात नाही. सोरेंतोच्या द्वीपकल्पाचे टोक येथून सुमारे ५ किलोमीटरवर आहे, तर नेपल्सहून निघालेली वेगवान बोट तासाभराच्या आत बेटावर पोहोचते. काप्री आणि आनाकाप्री ही बेटावरची दोन गावे असून दोघांच्या नगरपालिका स्वतंत्र आहेत आणि दोन्हींची मिळून लोकसंख्या १४ हजारांच्या आसपास आहे. उन्हाळ्याच्या भरात मात्र एकाच दिवशी या लोकसंख्येहून अधिक पाहुणे येथे उतरतात, आणि त्यांच्यातले पुष्कळजण डोंगरावरच्या गावात चढण्याआधी होडीतून बेटाला एक फेरी मारून घेतात.

सुमारे १७ किलोमीटरच्या किनाऱ्याची ही फेरी वाटेतल्या थांब्यांसह साधारणपणे दोन तासांत पुरी होते. या फेरीत नावाडी जे सौंदर्य म्हणून दाखवतो, म्हणजे समुद्रातून सरळ उठलेले पांढरे कडे, त्यांच्या पोटातल्या गुहा आणि पाण्यात सुटे उभे असलेले सुळके, तेच जवळजवळ दोन हजार वर्षे या बेटाचे तटबंदीसारखे संरक्षण होते आणि तेच त्याच्या गरिबीचे कारणही होते. ज्या कड्यांनी परक्या माणसाला बाहेर ठेवले तेच कडे गेल्या दोनशे वर्षांत परक्या माणसाला बोलावू लागले. हा उलटफेर कसा घडला ते समजून घ्यायचे तर बेटाकडे समुद्रातून पाहणेच सोयीचे, कारण गावातल्या रस्त्यांवरून यातला बराचसा किनारा नजरेस पडत नाही.

बेटाचा दगड

नेपल्सच्या आखातातली इस्किया आणि प्रोचिदा ही शेजारची बेटे ज्वालामुखीतून जन्मलेली आहेत. काप्री मात्र चुनखडीचे आहे. ज्युरासिक आणि क्रिटेशस या कालखंडांत, म्हणजे सुमारे २० ते ७ कोटी वर्षांपूर्वी, उथळ आणि उबदार समुद्राच्या तळाशी साचलेल्या शंखशिंपल्यांच्या व चुन्याच्या थरांचा हा खडक आहे. पुढे भूकवचाच्या हालचालींनी हे थर उचलले गेले, भेगा पडून जागोजाग तुटले आणि त्यांतून सोरेंतोच्या डोंगररांगेचेच एक पुढे आलेले टोक तयार झाले. हिमयुगांत समुद्राची पातळी खाली गेली असताना हे टोक मुख्य भूमीला जोडलेले होते, आणि त्या काळातल्या मोठ्या प्राण्यांची हाडे २०व्या शतकाच्या आरंभी येथील एका हॉटेलच्या बांधकामात सापडली. अशी हाडे रोमन सम्राट ऑगस्टसच्याही काळी माहीत होती. त्याने ती आपल्या काप्रीच्या वाड्यात जपून ठेवली होती आणि लोक त्यांना राक्षसांची हाडे म्हणत, असे चरित्रकार स्वेटोनियस सांगतो.

चुनखडीचा एक गुण काप्रीच्या सगळ्या कथेच्या मुळाशी आहे. पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होते, आणि असे पाणी चुनखडीला हळूहळू विरघळवते. त्यामुळे या खडकात भेगा रुंदावत जातात, पोकळ्या आणि गुहा तयार होतात आणि पाणी पृष्ठभागावर न टिकता खाली झिरपून समुद्राला मिळते. परिणामी काप्रीवर नदी नाही, भरवशाचे झरेही नाहीत. शतकानुशतके लोकांनी पावसाचे पाणी टाक्यांत साठवून दिवस काढले. बेटाच्या मध्यावरच्या खोलगट भागात मुख्य भूमीवरच्या ज्वालामुखींची राख उडून येऊन बसली आणि तिची सुपीक माती झाली, म्हणून द्राक्षे, ऑलिव्ह आणि लिंबे तेवढी येथे निघतात.

मरीना ग्रांदेहून पूर्वेकडे

उत्तर किनाऱ्यावरचे मरीना ग्रांदे हे बेटाचे मुख्य बंदर असून फेरीच्या होड्या येथूनच सुटतात. त्यांच्यात मोठ्या प्रवासी बोटी असतात तशाच 'गोत्झो' नावाच्या पारंपरिक होड्याही असतात. गोत्झो म्हणजे दोन्ही टोकांना निमुळती होत गेलेली, रुंद पोटाची, मुळात मासेमारीची लाकडी होडी. पूर्वी ती वल्ह्यांवर आणि त्रिकोणी शिडावर चाले, आता तिला इंजिन असते आणि पुढच्या भागात प्रवाशांसाठी गाद्या अंथरलेल्या असतात. दक्षिण किनाऱ्यावर मरीना पिक्कोला नावाचा एक लहान धक्का आहे. उतरण्याजोग्या जागा म्हणाव्यात तर मुख्यतः या दोनच. उरलेल्या किनाऱ्याचा बहुतेक भाग तुटलेल्या कड्यांचा आहे. होडी कोणत्या दिशेने न्यायची हे वाऱ्यावर आणि समुद्राच्या अवस्थेवर ठरते, पण ती पूर्वेकडे वळली तर बेट सबंध वेळ उजव्या हाताला राहते आणि फेरी खऱ्या अर्थाने प्रदक्षिणा होते.

पूर्वेच्या टोकावर सुमारे ३०० मीटर उंचीचा एक कडा थेट पाण्यात उतरतो आणि त्याच्या माथ्यावर विला योव्हिस या रोमन प्रासादाचे अवशेष आहेत. इ.स.पू. २९ मध्ये ऑगस्टस काप्रीला आला असता एका जुन्या ओकवृक्षाच्या वाळलेल्या फांद्यांना पुन्हा टवटवी आली, हा शुभशकुन मानून त्याने नेपल्सकडून काप्री घेतले आणि बदल्यात इस्किया देऊन टाकले, अशी कथा स्वेटोनियसने नोंदवली आहे. शकुनाचे काहीही असो, चौपट मोठे आणि सुपीक बेट देऊन त्याने हे कोरडे, खडकाळ बेट घेतले एवढे खरे. त्याचा वारस टायबेरियस इ.स. २७ मध्ये येथे येऊन राहिला आणि इ.स. ३७ मध्ये मृत्यू येईपर्यंत रोमला परत गेलाच नाही, त्यामुळे दहा वर्षे साम्राज्याचा कारभार या खडकावरून चालला. १९३०च्या दशकात पुरातत्त्वज्ञ अमेदेओ मायुरी यांनी विला योव्हिसचे मोठे उत्खनन केले. त्या वास्तूच्या मधोमध पावसाचे पाणी साठवण्याच्या प्रचंड टाक्या आहेत. पृथ्वीवरच्या सर्वांत सामर्थ्यशाली माणसालाही येथे पाणी आकाशातूनच मिळवावे लागत होते.

टायबेरियसने हीच जागा का निवडली, याचे उत्तर इतिहासकार टॅसिटसने दिले आहे. या बेटाभोवती बंदरे नाहीत, लहान होड्यांनाही आसरा मिळणे कठीण आणि पहारेकऱ्याला कळल्यावाचून कोणाला किनाऱ्याला लागता येणे अशक्य, हेच सम्राटाला आवडले असावे असा त्याचा तर्क आहे. स्वेटोनियसची एक कथा या तर्काला पुष्टी देते. सम्राट एकटा असताना एक कोळी बेटाच्या मागच्या बाजूचे, वाट नसलेले खडक चढून वर आला आणि त्याने एक मोठा मासा नजराणा म्हणून पुढे केला. या वाटेनेही माणूस वर येऊ शकतो हे पाहून घाबरलेल्या टायबेरियसने तोच मासा त्याच्या तोंडावर घासायला लावला. आपण पकडलेला मोठा खेकडाही देऊ केला नाही हे बरे झाले, असे तो कोळी म्हणाला, तेव्हा सम्राटाने खेकडाही आणवून त्याचे तोंड ओरबाडून काढले. या कड्यावरून टायबेरियस नावडत्या माणसांना समुद्रात ढकलून देई, ही होडीवर हमखास सांगितली जाणारी गोष्टही मूळची स्वेटोनियसचीच आहे. तो टायबेरियसनंतर सुमारे ८० वर्षांनी लिहीत होता आणि दरबारी कुचाळक्यांची त्याला आवड होती, तेव्हा तिच्यावर विसंबून राहता येत नाही. कोळ्याच्या गोष्टीतले भूगोलाचे ज्ञान मात्र चोख आहे.

गुहा, कमान आणि सुळका

पूर्व किनाऱ्याने दक्षिणेकडे येताना ग्रोत्ता बियांका, म्हणजे पांढरी गुहा, लागते. चुना विरघळवलेले पाणी छतातून थेंबाथेंबाने गळताना चुन्याचा थोडा अंश मागे ठेवते आणि त्यातून छताला लोंबणारे जे दगडी खांब वाढतात, त्यांना अधोमुखी लवणस्तंभ म्हणतात. या गुहेचा पांढुरका रंग त्यांच्यामुळे आहे. त्यानंतर वर डोंगराच्या उतारावर आर्को नातुराले ही निसर्गनिर्मित कमान दिसते. एका प्राचीन गुहेचे छत आणि भिंती ढासळून तिचा जो भाग उरला तीच ही कमान आहे.

पुढे पुंता मासुल्लो नावाच्या खडकाळ भूशिरावर लाल रंगाचे एक लांबट घर दिसते, ज्याचा जिना खालून वर रुंद होत जाऊन छताला मिळतो. कुर्त्सिओ मालापार्ते या लेखकाने १९३०च्या दशकाच्या अखेरीस ते बांधायला घेतले आणि ज्यां-ल्यूक गोदार यांच्या १९६३च्या 'ल मेप्री' या चित्रपटात ते झळकले. त्यापलीकडे भूशिराला वळसा पडला की काप्रीची ओळख बनलेले तीन सुळके समोर येतात.

या सुळक्यांना फाराल्योनी म्हणतात. पहिला जमिनीला चिकटलेला असून सुमारे १०९ मीटर उंच आहे, मधला सुमारे ८२ मीटर आणि बाहेरचा सुमारे १०४ मीटर. समुद्रात पुढे आलेल्या खडकाला लाटा दोन्ही अंगांनी पोखरतात तेव्हा आधी गुहा होते, दोन्ही बाजूंच्या गुहा एकमेकींना भिडल्या की आरपार बोगदा पडून कमान तयार होते, आणि कमानीचे छत कोसळले की समुद्राच्या बाजूचा भाग सुटा सुळका होऊन उभा राहतो. मधल्या सुळक्याच्या पोटात असा सुमारे ६० मीटर लांबीचा बोगदा आहे आणि होड्या त्यातूनच पार होतात. म्हणजे थोड्या वेळापूर्वी पाहिलेली गुहा, कमान आणि हे सुळके ही एकाच झिजेची पहिली, दुसरी आणि तिसरी पायरी होय. या बोगद्याखाली जोडप्याने चुंबन घेतले तर संसार सुखाचा होतो, ही समजूत नावाडी न चुकता सांगतात आणि तेवढ्यासाठी होडीचा वेगही कमी करतात. बाहेरच्या सुळक्यावर निळ्या रंगाच्या पालीसारख्या सरड्यांची एक जात राहते. मुख्य बेटावरच्या भाईबंदांपासून तुटून त्या एवढ्याशा खडकावर वाढत गेल्याने तिचा वेगळेपणा टिकला आहे.

होडी बोगद्यातून हळू जात असताना पाण्याच्या रेषेकडे बारकाईने पाहिले तर खडकावर नारिंगी रंगाचे ठिपक्यांसारखे पुंजके दिसतात. ते प्रवाळ असून सावलीच्या खडकांवर ते वाढते. बेटाच्या कड्यांवर काही ठिकाणी, आजच्या पाण्यापासून काही मीटर उंचीवर, बोटाएवढी भोके रांगेने पडलेली आढळतात. चुनखडीत शिरून राहणाऱ्या शिंपल्यांनी ती पाडलेली आहेत आणि हे प्राणी पाण्याखालीच जगत असल्यामुळे, कधीकाळी समुद्र तेथवर होता याचा तो लेखी म्हणावा असा पुरावा आहे.

दक्षिण आणि पश्चिम किनारा

मरीना पिक्कोलाच्या वर डोंगराला घड्या घालाव्यात तशी नागमोडी वळणे घेत उतरणारी पायवाट दिसते. जर्मन पोलाद-उद्योगपती फ्रीडरिश आल्फ्रेड क्रुप यांच्या पैशातून १९००च्या सुमारास ती बांधली गेली. तेथून पश्चिमेकडे बेटाचे सर्वांत उंच शिखर, ५८९ मीटरचे मोंते सोलारो, समुद्रावर जवळजवळ भिंतीसारखे उभे राहते. त्याच्या पायथ्याशी ग्रोत्ता व्हेर्दे ही गुहा आहे, जिच्यात प्रकाश पाण्यातून परावर्तित होऊन हिरवी छटा धरतो. नैर्ऋत्य टोकाला पुंता कारेनाचे दीपगृह असून ते १८६७ पासून जहाजांना वाट दाखवत आहे.

दीपगृहाला वळसा घालून उत्तरेकडे निघाल्यावर कडे ठेंगणे होतात आणि लहान लहान दगडी बुरूज दिसू लागतात. बेटाचा हा एकच भाग शत्रूला चढता येईल असा होता, आणि १८०८ मध्ये तसेच घडले. नेपोलियनशी चाललेल्या युद्धात १८०६ साली ब्रिटिशांनी काप्री घेतले होते; नेपल्सच्या गादीवर बसलेल्या म्युराच्या फ्रेंच फौजांनी ऑक्टोबर १८०८ मध्ये याच पश्चिम किनाऱ्यावर उतरून, शिड्या लावून खडक चढून आनाकाप्री घेतले आणि थोड्याच दिवसांत सबंध बेट ताब्यात आणले. शरण आलेला ब्रिटिश सेनानी हडसन लो याच्याकडे पुढे सेंट हेलेना बेटावर खुद्द नेपोलियनवर पहारा ठेवण्याचे काम आले. चाच्यांचा त्रासही या बेटाने सोसला आहे. १५३५ मध्ये उस्मानी आरमाराचा सेनानी खैरुद्दीन बार्बारोसा याने केलेल्या स्वारीत आनाकाप्रीवरचा किल्ला उद्ध्वस्त झाला आणि त्याचे अवशेष आजही त्याच्याच नावाने ओळखले जातात.

निळी गुहा

वायव्य किनाऱ्यावरची ग्रोत्ता अत्झुर्रा, म्हणजे निळी गुहा, हा या फेरीचा सर्वांत गाजलेला टप्पा होय. तिचे तोंड रुंदीला सुमारे दोन मीटर आणि पाण्यापासून उंचीला जेमतेम एक मीटर आहे, त्यामुळे मोठी होडी आत जाऊ शकत नाही. प्रवाशांना बाहेरच्या पाण्यातच चार माणसांच्या वल्ह्यांच्या लहान नावेत उतरावे लागते आणि प्रवेशाचे वेगळे पैसे भरावे लागतात. गुहेच्या तोंडाशी नाव आली की नावाडी सर्वांना तळाशी आडवे व्हायला सांगतो, वल्ही आत घेतो, खडकात बसवलेली साखळी धरतो, लाट ओसरण्याची वाट पाहतो आणि तोंड मोकळे होताच स्वतःही मागे झुकून साखळीच्या हिसक्याने नाव आत ओढून घेतो. कोकण किनाऱ्यावर उधाणाच्या भरती-ओहोटीत पाणी कित्येक मीटर चढते-उतरते, तसे येथे होत नाही. या समुद्रातली भरती-ओहोटी अर्ध्या मीटरच्याही आतली असल्यामुळे गुहेचे तोंड दिवसातला बहुतेक वेळ उघडे राहते. मात्र वायव्येचा वारा सुटून लाटा उठल्या की प्रवेश बंद करावा लागतो, आणि म्हणून निळी गुहा पाहण्याचा बेत नेहमी हवामानाच्या हाती असतो.

आतला निळा उजेड ज्या तोंडातून नाव येते त्यातून फारसा आलेला नसतो. त्या तोंडाच्या खाली, पाण्यात बुडालेले दुसरे, बरेच मोठे भगदाड आहे आणि सूर्यप्रकाश मुख्यतः त्यातून, पाण्याच्या जाड थरातून गाळून, आत शिरतो. पाणी सूर्यप्रकाशातले तांबडे आणि नारिंगी किरण लवकर शोषून घेते, निळे मात्र दूरवर जाऊ देते. त्यामुळे आत पोहोचलेला प्रकाश निळा असतो आणि तो तळावरच्या फिकट वाळूवरून परावर्तित होऊन वर येतो. म्हणून गुहेचे छत काळोखात राहते आणि पाणी आतून पेटल्यासारखे उजळते. पाण्यात हात घातला तर तो रुपेरी दिसतो, कारण त्वचेला चिकटलेले हवेचे बारीक बुडबुडे प्रकाश वेगळ्या कोनात वळवतात. सूर्य उंच असतानाच्या दुपारच्या वेळी हा उजेड सर्वांत चांगला मिळतो.

रोमन लोकांना ही गुहा ठाऊक होती. १९६४ मध्ये तिच्या तळातून रोमन काळातले पुतळे काढण्यात आले आणि ते आता आनाकाप्रीच्या कासा रोस्सा या संग्रहालयात आहेत. पुढच्या शतकांत मात्र तेथे भुतेखेते राहतात अशी धारणा झाली आणि बहुतेक कोळी तिच्यापासून लांब राहू लागले. ऑगस्ट १८२६ मध्ये जर्मन कवी-चित्रकार आऊगुस्ट कोपिश आणि त्याचा मित्र एर्न्स्ट फ्रीस यांनी, आन्जेलो फेरारो या स्थानिक कोळ्याच्या मदतीने आणि आपल्या खाणावळीचा मालक जुझेप्पे पागानो याला बरोबर घेऊन, गुहेत पोहत प्रवेश केला. त्याला शोध म्हणणे बरोबर नाही, कारण वाट दाखवणाऱ्या कोळ्याला ती गुहा आधीपासून माहीत होती. पण कोपिशच्या वृत्तान्ताने ती युरोपभर पोहोचवली. हान्स क्रिस्टियन अँडरसनच्या १८३५च्या 'इम्प्रोव्हिझातोरेन' या कादंबरीनेही तिची ख्याती वाढवली. येथपासून काप्रीचा अर्थव्यवहार बदलला. मासेमारी, द्राक्षे आणि जाळ्यांनी पकडलेले स्थलांतरी लावे यांवर जगणाऱ्या बेटाला पाहुण्यांच्या वर्दळीचे नवे उत्पन्न मिळू लागले. १८७०च्या दशकात गाडीरस्ता होईपर्यंत आनाकाप्रीला जायला कड्यात खोदलेल्या ९२१ पायऱ्यांचाच मार्ग होता, आणि १९०७ मध्ये बंदरापासून काप्री गावापर्यंत दोरखेच रेल्वे सुरू झाली.

नवे प्रश्न

पाहुण्यांच्या संख्येने जुनी टंचाई मिटवली नाही, तिला फक्त नवे रूप दिले. पिण्याचे पाणी आता समुद्राखालून टाकलेल्या नळाने मुख्य भूमीवरून येते. जून २०२४ मध्ये त्या पुरवठ्यात बिघाड झाला तेव्हा महापौरांनी पर्यटकांना बेटावर उतरण्यास मनाई केली; बोटीने निघालेल्यांना परत फिरावे लागले आणि दुरुस्ती झाल्यावर काही तासांत हुकूम मागे घेण्यात आला. त्याआधी २०१९ मध्ये एकदाच वापरून फेकायच्या प्लॅस्टिकच्या वस्तूंवर बेटावर बंदी घालण्यात आली होती. समुद्रातल्या गर्दीचा प्रश्नही तितकाच खरा आहे, कारण फाराल्योनीचा बोगदा आणि निळ्या गुहेचे तोंड यांसारख्या अरुंद जागी एकाच वेळी किती होड्या येऊ शकतील याला खडकानेच मर्यादा घातली आहे.

अशा बेटाला भेट देणाऱ्याने मे किंवा सप्टेंबर निवडावा, फेरी दिवसाच्या पहिल्या बोटीने करावी आणि वाऱ्यामुळे निळी गुहा बंद असेल तर उरलेल्या किनाऱ्यालाच तिचा वेळ द्यावा, हा व्यावहारिक सल्ला त्या मर्यादेतूनच निघतो. टायबेरियसच्या पहारेकऱ्यापुढे कोणाला किनाऱ्याला लागू द्यायचे हा प्रश्न होता; आज तोच प्रश्न काप्रीच्या दोन नगरपालिकांपुढे आहे, आणि त्यांना तो कड्यांच्या भरवशावर न सोडता नियमांनी सोडवावा लागणार आहे.